सांगायचं कुणी आणि कधी?

संध्याकाळी आठच्या सुमाराला आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये गर्दी असते. त्या दिवशी माझ्या पुढे साठीतले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी चार घड्या घातलेली चिठ्ठी काउंटरवरून आत सरकवली. कॉम्प्युटरसमोरच्या मुलाने ती उलगडली आणि मागच्या कपाटांकडे तोंड करून औषधाचं नाव मोठ्याने पुकारलं. आतून तेवढ्याच मोठ्याने प्रश्न आला, "किती पाकिटं?" ते औषध कशावर देतात हे रांगेतल्या एक-दोघांना ठाऊक असावं, एकाने मान वळवून काकांकडे पाहिलं. मग त्या मुलाने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "काका, मोबाइल नंबर?" काकांनी दहाही आकडे सांगितले, गोळ्या खिशात कोंबल्या आणि उरलेले पैसे न मोजताच ते निघाले.

रस्त्यात कुणा अनोळखी माणसाने "तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?" असं विचारलं असतं, तर याच काकांनी त्याला चार शब्द सुनावले असते. काउंटरवर मात्र आजार आणि नंबर, दोन्ही चारचौघांत उघडे झाले. आपण सगळेच असे वागतो, कारण या विषयावरची आपली मतं गप्पांत तयार झालेली असतात. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" "त्यात नाव थोडंच लिहिलंय?" "फुकट आहे ना, घे डाउनलोड करून." "हल्ली सगळ्यांचं सगळं कळतंच." ही वाक्यं बोलणारी माणसं बेपर्वा नसतात. तरीही ती तपासून घ्यायला हवीत, कारण दुखण्याखुपण्याच्या बाबतीत त्यांची किंमत तब्येतीला मोजावी लागते. आपल्या शरीराची गोष्ट कुणाला, कधी आणि किती सांगायची हे आपल्याला ठरवता येणं, हा उपचाराचाच एक भाग आहे. हे मी घरच्या अनुभवातून शिकले. तो अनुभव पुढे येईलच.

दहा आकडे

मेडिकलवाल्याने नंबर मागितला की तसा सरकारी नियम असेल असं पुष्कळांना वाटतं. नियम आहे, पण तो वेगळा आहे. औषध नियमांतली 'शेड्यूल एच-१' ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. काही प्रतिजैविकं, क्षयरोगाची काही औषधं आणि सवय लागू शकेल अशा काही गोळ्या तिच्यात आहेत. ही औषधं विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची असते. प्रतिजैविकं वाटेल तशी खाल्ली जाऊ नयेत म्हणून ही नोंद हवीच. मोबाइल नंबर मात्र त्यात मागितलेला नाही. उलट मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सूचना दिली की ग्राहकाच्या नंबरासाठी अडून बसू नका.

नंबर दिल्याने सवलत मिळते, पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची आठवण येते, जुनं बिल सापडतं. हे फायदे खरे आहेत. पण त्या दहा आकड्यांची ताकद ओळखून ते द्यायला हवेत. गावात कुलकर्णी शंभर सापडतील, जाधव पाचशे. नंबर एकाचाच असतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ होतो, पत्ता बदलतो. नंबर मात्र आपण वर्षानुवर्षं तोच ठेवतो आणि बँकेत, गॅस बुकिंगला, मुलांच्या शाळेत, विम्याच्या कागदावर तोच लिहितो. म्हणजे वेगवेगळ्या वह्यांतली पानं एकत्र शिवायला लागणारा दोरा आपण स्वतःच हातात देत असतो. एका पानावर फक्त गोळ्यांचं नाव असतं. ती पानं शिवली गेली की एका माणसाची पूर्ण कहाणी तयार होते.

पिन कोड, जन्मतारीख आणि एक राज्यपाल

"त्यात नाव थोडंच आहे?" या वाक्याचं उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मिळालं. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं काम बघणाऱ्या संस्थेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या भेटींची माहिती संशोधकांना दिली होती. नाव, पत्ता, ओळख क्रमांक काढून टाकले होते. आता कुणाची ओळख पटणार नाही, अशी ग्वाही राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी दिली.

एमआयटीत शिकणाऱ्या लॅटानिया स्वीनी या विद्यार्थिनीने ती ग्वाही पडताळून पाहायचं ठरवलं. राज्यपाल केंब्रिज शहरात राहतात हे जगजाहीर होतं. तिने त्या शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. तिच्यात नाव, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, होता. शेवटचे तीन तपशील आरोग्याच्या नोंदींतही शिल्लक होते. राज्यपालांची जन्मतारीख शहरात फक्त सहा जणांची निघाली. त्यांतले पुरुष तीन, आणि राज्यपालांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. वेल्ड यांच्या रुग्णालयातल्या नोंदी हाती लागल्या. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख या तीन तपशिलांवरून पटू शकते. २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने तोच हिशेब नव्याने केला, तेव्हा आकडा ६३ टक्के आला. कमी धरला तरी तो निम्म्याहून बराच जास्त आहे.

आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातून आलेल्या टपाल अधिकाऱ्याने केली. आपल्या एका पिन कोडमध्ये अमेरिकेतल्या झिप कोडपेक्षा खूप जास्त लोक राहतात, म्हणून ती टक्केवारी इथे जशीच्या तशी लावता येणार नाही. पण आपल्याकडे बहुतेक कागदांवर मोबाइल नंबर असतो, आणि तो असल्यावर स्वीनींनी सोडवलं तसलं कोडं सोडवायचीही गरज उरत नाही.

मनगटावरचा हिरवा दिवा

रात्री दिवे घालवा आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळ काढून उलटं धरा. पाठीवर हिरवा उजेड लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या भरतात, जास्त हिरवा प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा उजेड कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. शेजारचा संवेदक ही घट-वाढ मोजतो. नाडीच्या आकड्यामागची कल्पना एवढी साधी आणि सुंदर आहे.

झोपेचं गणित मात्र घड्याळ अंदाजाने मांडतं. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल नोंदवतात. घड्याळाकडे असते हाताची हालचाल आणि नाडी. त्यावरून ते "गाढ झोप एक तास दहा मिनिटं" असं सांगतं. चांगली झोप झालेला माणूस सकाळी तो आकडा बघून दमल्यासारखा वागायला लागतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध केली. घड्याळातला आकडा सुधारण्याच्या ध्यासानेच त्यांची झोप बिघडली होती. या प्रकाराला त्यांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं.

दहा हजार पावलांचंही तसंच आहे. सकाळच्या फिरण्यात हा आकडा वेदवाक्यासारखा सांगितला जातो. त्याचा उगम १९६५ च्या जपानमध्ये आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर चालण्याची हवा होती, आणि यामासा तोकेई या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा आधी विक्रीसाठी ठरला, अभ्यास नंतर झाले. २०१९ मध्ये १६,७४१ अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. असा अभ्यास कार्यकारणाची खात्री देत नाही, कारण मुळात ठणठणीत असलेली बाई जास्त चालतेच. तरी गुडघे दुखणाऱ्या आजींना यातून दिलासा घेता येतो: दहा हजार झाले नाहीत म्हणून चालणं सोडून देण्याचं कारण नाही.

आता हे आकडे जातात कुठे ते पाहू. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या धावण्या-चालण्याच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. कुणाचंही नाव त्यात नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया आणि अफगाणिस्तानातल्या ओसाड भागात काही ठिपके झगमगताहेत. ते लष्करी तळ होते. सैनिकांच्या रोजच्या धावण्याने तिथल्या वाटा उमटल्या होत्या.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. 'फ्लो' हे मासिक पाळीची नोंद ठेवणारं ॲप जगभर कोट्यवधी बायका वापरतात. पाळी कधी आली, दिवस गेलेत का, हे तिथे लिहिलं जातं. ही माहिती खासगी ठेवण्याचं वचन देऊन ती फेसबुक आणि गूगल यांच्या विश्लेषण सेवांकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये तडजोड झाली; कंपनीने चूक कबूल केली नाही. एखादी मुलगी दिवस गेल्याचं आईलाही सांगण्याआधी फोनमध्ये नोंदवते. ती नोंद तिच्या आईच्या आधी दुसऱ्या कुणापर्यंत पोहोचू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मावशीचा रिपोर्ट

चार वर्षांपूर्वी माझ्या मावशीची बायोप्सी झाली. तिचा फोन साधा, म्हणून लॅबच्या फॉर्मवर भाच्याचा नंबर लिहिला होता. सकाळी साडेनऊला त्याच्या फोनवर पीडीएफ आली. काळजीपोटी त्याने ती घरच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये चाळीसच्या वर माणसं. दुपारपर्यंत जोडलेले हात, "धीर धरा", तीन घरगुती काढे आणि कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता येऊन पडला. मावशी तेव्हा कोथिंबीर निवडत बसली होती. तिला कळलं ते जावेचा रडत फोन आला तेव्हा.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण मावशी पुढचे तीन आठवडे डॉक्टरांकडे गेली नाही. बाहेर पडलं की कुणीतरी विचारणार, दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं भेटणार. नंतर ती मला म्हणाली, "अगं, मला आधी एकटीने बसायचं होतं. मग माझ्या मुलाला सांगायचं होतं. तुम्हा सगळ्यांना सांगणारच होते की." तिला काही लपवायचं नव्हतं. सांगण्याचा क्रम तिचा होता, आणि तो आम्ही तिच्याकडून घेतला. गेलेले तीन आठवडे उपचारातून वजा झाले.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला वैद्यकीची दीक्षा देताना जे नियम सांगितले आहेत, त्यांत एक असा: रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. जे प्रश्न घरात उच्चारता येत नव्हते, ते लोक त्यांना पत्राने विचारत. अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालू राहिलं. शरीराबद्दल न लाजता विचारता येईल अशी एक जागा माणसाला लागते. ती नसेल तर प्रश्न मनातच राहतो आणि आजार वाढत जातो.

खासगीपणालाही मर्यादा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' हे प्रकरण आलं. फिर्यादी स्वतः डॉक्टर होता. रक्तदानाच्या वेळी त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निदान झालं, ही गोष्ट रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं नाही. होणाऱ्या वधूचा जगण्याचा हक्क वरचढ ठरवला. तिला कळायलाच हवं होतं, याबद्दल दुमत नाही. पण ती गोष्ट तिच्यापाशी थांबली नाही. नातलगांत, समाजात पसरली आणि बहिष्कारामुळे त्याला आपलं शहर सोडावं लागलं. एका व्यक्तीला सांगणं आणि गावभर होणं यांच्यातली रेषा पुढे कायद्याने आखली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाची ही स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टरला आहे, पण समुपदेशनासह ठरलेल्या अटींवर.

मुंबई आणि बार्शी

मग कुणालाच काही सांगू नये का? तसं केलं तर आपलंच नुकसान होईल. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. कोणत्या गावात कोणता कर्करोग किती आहे आणि रुग्ण कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचतो, हे अशा नोंदींशिवाय समजत नाही. शेतकरी कुटुंबातल्या बाईने आपलं दुखणं नोंदवू दिलं, त्याचा उपयोग तिने कधी न पाहिलेल्या बायकांना झाला. तिने माहिती दिली ती कारण सांगून विचारणाऱ्याला. विश्वासाने दिलेल्या माहितीतूनच वैद्यकशास्त्र पुढे जातं, आणि म्हणून तो विश्वास मोडणारा माणूस सगळ्यांचंच नुकसान करतो.

माहिती गोळा केली की तिची राखणही आली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयाला बरेच दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं हाताने करावी लागली.

कायद्याने हातात दिलेलं

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा खटला न्या. के. एस. पुट्टस्वामी या तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त न्यायमूर्तींच्या नावाने ओळखला जातो. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे.

मराठी वाचकाने या कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, म्हणजे मराठीतही. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. एक उणीवही आहे. आरोग्याच्या माहितीला या कायद्यात वेगळा, जास्त संरक्षणाचा दर्जा नाही. किराणा बिल आणि बायोप्सीचा रिपोर्ट एकाच मापाने मोजले जातात. ही उणीव भरून निघायला हवी. 'आभा' हा १४ आकडी आरोग्य क्रमांक मात्र ऐच्छिक आहे. तो घेतल्याने जुने रिपोर्ट एका ठिकाणी दिसतात; घ्यायचा की नाही हे आपण ठरवायचं.

कायदा घरात येऊन पहारा देत नाही, म्हणून काही सवयी आपणच लावून घ्याव्यात. मेडिकलमध्ये मी आता चिठ्ठी देताना हळूच सांगते, "नाव मोठ्याने घेऊ नका. आणि बिल नुसतं नावावर करा, नंबर नको." मुलगा "बरं ताई" म्हणतो आणि बिल निघतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला आपलं ठिकाण दिसतं ते पाहावं. व्यायामाच्या ॲपला ते 'फक्त वापरताना' एवढंच द्यावं. चाचणीच्या फॉर्मवर ज्याची चाचणी त्याचाच नंबर लिहावा. सल्ल्यासाठी रिपोर्टचा फोटो पाठवायचाच असेल तर नाव आणि जन्मतारीख झाकून पाठवावी. आणि डॉक्टरांपासून मात्र काही चोरून ठेवू नये. दारू, तंबाखू, आधी पडलेला गर्भ, वैदूकडून आणलेली भुकटी, सगळं सांगावं. बाहेर गुपित राखायचं ते आत मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.

मावशीने आता स्वतःचा स्मार्टफोन घेतला आहे. उपचार पार पडले. दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि फॉर्मवर तिचाच नंबर असतो. पीडीएफ उघडायला ती नातीकडून शिकली. गेल्या वेळी रिपोर्ट मंगळवारी येणार होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. ग्रुपवर कुणी काही विचारलं नाही; तेवढं आम्ही शिकलो होतो. गुरुवारी दिवेलागणीला तिचा फोन आला.

"बसली आहेस का?" ती म्हणाली. "ऐक, आता सांगते."